परत आलेल्या पाच साड्या

१

पाचवी साडीही नेसलेलीच निघाली.

जयमालाने ती माझ्या ओसरीवरच्या खाटेवर टाकली आणि स्वतः पायरीवर बसली. मोरपंखी रंग, नारळी काठ, पदरावर जरीचे मोर. लांबून पाहिली तर कोरी. जवळ घेतली की खांद्याच्या भागाला पावडरचा वास, निऱ्यांच्या जागी सुरकुत्या आणि खालच्या काठाला मातकट रेघ.

"नाना, मी ही कोरी पाठवली होती," ती म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणतंय, आम्हाला नेसलेलीच आली."

मी गुडघ्याला तेल चोळत होतो. पोस्टात डाक निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षं काढली. फोडलेली पार्सलं, न पोचलेल्या मनीऑर्डरी, मेलेल्या माणसाच्या अंगठ्यावर उचललेली पेन्शन, सगळं पाहून झालं. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं की यापुढे कुणाचं खोटं पकडायचं नाही. खोटं पकडलं की समोरचा माणूस रडतो आणि मग त्याला पाणी आपल्यालाच द्यावं लागतं. पण संगमनेरजवळच्या आमच्या एवढ्याशा गावात एकदा इन्स्पेक्टर म्हणून नाव पडलं की ते पडलंच. कुणाची कोंबडी हरवली तरी लोक माझ्याच ओसरीवर येतात.

जयमाला माझ्यापासून तिसऱ्या घरात राहते. नवरा महेंद्र दूध संघात कामाला. ती स्वतः बी.कॉम. झालेली. तीन वर्षांपूर्वी तिने पुढच्या खोलीत हा धंदा मांडला. येवल्याच्या विणकरांकडून साड्या आणायच्या, फोटो काढायचे, मोबाईलवरच्या एका बाजारात लावायचे आणि साड्या देशभर पाठवायच्या. गावात मात्र ती एकही साडी विकत नाही. गावातल्या बायका दुपारभर बसून दहा साड्या उलगडतात, चहा पितात आणि 'बघू दिवाळीला' म्हणून उठतात, असा तिचा अनुभव.

"पाच गिऱ्हाइकं, पाच गावांची," ती म्हणाली. "चाकण, नाशिक, कल्याण, सुरत, सोलापूर. पाचही जणींची तक्रार एकच. कंपनीने पत्र पाठवलंय. पाच अनोळखी माणसं एकच गोष्ट सांगतात म्हणजे दोष विकणाऱ्याचा. सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर दुकान बंद. आणि घरातल्या कुणी केलं असेल तर पोलीस तक्रारीची प्रत जोडा."

"घरातलं कोण?"

तिने खाली पाहिलं. "कडूबाई."

कडूबाई तिच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. साड्यांच्या घड्या घालणं, खोकी भरणं, कुणी जास्तीचे पैसे दिले तर फॉल लावून देणं, ही तिची कामं. एप्रिलच्या शेवटी भाच्याचं लग्न म्हणून तिने दोन दिवस सुट्टी घेतली होती. या पाच साड्या तेव्हा घरातच होत्या.

"तिने त्या लग्नात आपल्या बायकांना नेसवल्या आणि मग घड्या घालून खोक्यात भरल्या, असंच मला वाटतं. काल तिला म्हटलं, उद्यापासून येऊ नका."

"कुणासमोर म्हटलंस?"

जयमालाने गिरणीकडे मान वळवली. तिच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे. संध्याकाळी तिथे आठ-दहा बायका डबे घेऊन उभ्या असतात. म्हणजे काल दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. बाईमाणसावर चोरीचा बोल आला की तिला कांदे भरायलासुद्धा कुणी बोलवत नाही.

"सोमवारी सकाळी पोलीस स्टेशनला जाणार आहे," ती म्हणाली. "मलाही बरं वाटत नाही, नाना. पण दुसरं कोण असेल?"

आज शनिवार होता. मी चष्मा लावला आणि साडीचा खालचा काठ उजेडात धरला. काठाच्या आतल्या बाजूने सुईची बारीक भोकं ओळीने गेली होती.

"हिला फॉल लावून उसवलाय," मी म्हणालो.

"तेच तर म्हणते मी," जयमाला म्हणाली. "गावात फॉल लावतं कोण? कडूबाईच ना!"

२

आधी हनुमंताला गाठलं. कुरिअरची खोकी तोच टेम्पोतून नेतो-आणतो. मला पाहताच त्याने दोन्ही हात वर केले.

"नाना, माझ्यावर नका येऊ. माझ्याकडं खोकं एक रात ऱ्हातं, व्हय. पन चिकटपट्टी जरा जरी फाटली तरी मला दंड हाय. पाची खोकी जशी नेली तशी पोचली."

"कधी नेलीस?"

त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. चार, पाच आणि सहा मेला माल उचलला. आठ, नऊ आणि दहा मेला तो गिऱ्हाइकाच्या दारात पोचला. खाली परत घेण्याच्या मागण्या होत्या. आठला माल मिळालेलीने पंधराला तक्रार केली होती. नऊवालीने सोळाला, दहावाल्या तिघींनी सतराला.

"परत करायला मुदत किती असते रे?"

"सात दिस."

पाचही जणींनी सातव्याच दिवशी तक्रार केली होती. मी टेम्पोला टेकून उभा राहिलो, कारण गुडघा बोलायला लागला होता. नेसलेली साडी खोक्यातून निघाली तर बाई सात दिवस कशाला थांबेल? ती पहिल्या तासात शंख करील. आमची सून तर आधी दुकानदाराला फोन लावील आणि मग कात्री खाली ठेवील. मला तिथेच वाटलं की साड्या गेल्या तेव्हा कोऱ्याच होत्या.

पण वाटून काय उपयोग? कंपनीचा मुद्दा तसाच उभा होता. पाच गावांतल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या पाच बायका एकच लबाडी एकाच पद्धतीने करतील कशा?

तिथून कडूबाईकडे गेलो. ती दारात लसूण सोलत बसली होती. रडत नव्हती. तिने पाट पुढे सरकवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"भाच्याच्या लग्नात काय नेसली होतीस?"

"ही नेसलेली हाय न्हवं, हीच. निळी. सात वर्सं झाली हिला. सांगून खरं वाटायचं असंल तर सांगते, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

"तू लावलेला एखादा फॉल आहे का घरात?"

तिने आतून मुलीची साडी आणून दिली. मी काठ उलटा करून पाहिला. टाका तिळाएवढा, प्रत्येक टाका दुसऱ्यासारखा, दोरा साडीच्या रंगात बुडालेला. असे टाके घालायला डोळे आणि धीर दोन्ही लागतात.

"नाना," ती लसणाचं टरफल फुंकत म्हणाली, "मला ते काम नको. कांदं भरीन, न्हाईतर खुरपायला जाईन. पन पोलिसात नाव जाऊ देऊ नका. माझ्या बापाचं बी कधी गेलं न्हाई."

मी हो म्हणालो नाही. बत्तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो, हाती काही नसताना कुणाला शब्द द्यायचा नाही. 

३

रविवारी सकाळी जयमालाच्या पुढच्या खोलीत मी पाचही साड्या पसरायला लावल्या. पाचही एकाच जातीच्या, मोरपंखी आणि नारळी काठाच्या. तिच्याकडे त्या रंगाच्या वीस होत्या, म्हणून पाच गेल्या तेव्हा तिला काही खटकलं नव्हतं.

"आता फॉलची भोकं बघ," मी म्हणालो. "एकेक करून बघ, घाई करू नकोस."

ती वाकली. पहिल्या साडीचे टाके बोटभर लांब होते. दुसरीला चक्क मशीन मारलेलं. तिसरीचे तिरके, चौथीचा दोरा दुहेरी असावा, कारण भोकं मोठी पडली होती. पाचवी कुणीतरी नुसती टाचली होती.

"कडूबाईचा टाका तुला माहीत आहे. यातली एक तरी साडी तिच्या हातची आहे?"

जयमालाने पाचही काठ पुन्हा एकदा बोटाने चाचपले. मग ती खाली बसली. "पाच साड्या, पाच हात," ती म्हणाली.

"ज्यांनी विकत घेतल्या त्यांनी आपापल्या घरी फॉल लावले. मग साड्या नेसल्या, फॉल उसवले आणि परत पाठवल्या. कोऱ्या म्हणून खपणार नाहीत हे कळत होतं, म्हणून नेसलेल्याच आल्या असा उलटा बोभाटा केला."

"पण पाचही जणींनी? नाना, कंपनी हसेल मला. पाचही जणींना एकाच वेळी ही बुद्धी कशी होईल?"

तिचं बरोबर होतं. मी एका साडीच्या निऱ्यांची जागा चाचपत होतो. जरीच्या आतल्या बाजूला सुटे धागे असतात, त्यांत काहीतरी टोचलं. नखाने उकरलं तर ज्वारीचा दाणा निघाला. गडद गुलाबी रंगवलेला.

मग आम्ही दोघांनी पाचही साड्या उलट्या करून झाडल्या. तिसरीतून दोन दाणे निघाले आणि पाचवीतून एक. सगळे तसेच, राणी रंगाचे.

"अक्षता," मी म्हणालो.

आमच्याकडे लग्नात अक्षता ज्वारीच्या असतात आणि प्रत्येक घर त्या आपल्या हौसेने रंगवतं. कुणी हळदीत, कुणी कुंकवात, कुणी दुकानातून रंगाची पुडी आणून. जयमालाचं घर बौद्ध. तिच्याकडे लग्नात फुलं टाकतात, म्हणून तो दाणा तिने सहज केर म्हणून झटकला असता. तीन साड्यांत एकाच रंगाचे दाणे म्हणजे त्या साड्या एकाच मांडवात होत्या. आणि पाच गावच्या पाच बायका ऐन मे महिन्यात एका ठिकाणी जमतात त्या लग्नालाच.

"मग ते कडूबाईच्या भाच्याचं लग्नही असेल," जयमाला हळूच म्हणाली. ती कडूबाईला सोडायला तयार होती, पण कंपनीला काय सांगणार हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

एवढ्यात महेंद्र दूध संघातून आला. मी त्याला विचारलं, "या उन्हाळ्यात गावात लग्नं किती झाली?"

"लई झाली. पन आपल्या गल्लीत एकच. रंगनाथकाकांच्या पोरीचं, संस्कृतीचं. चौदा तारखेला, संगमनेरला कार्यालयात."

"तुम्ही गेला होता?"

"मी एकटाच गेल्तो."

"बायका कशा नेसल्या होत्या तिथे?"

महेंद्र जरा विचारात पडला. "नेसलेल्या हुत्या," तो म्हणाला.

नवरा म्हणून तो चांगला आहे, पण साक्षीदार म्हणून शून्य. मी जयमालाकडे वळलो. "तू का नाही गेलीस? रंगनाथच्या बायकोचं, छबूबाईचं, आणि तुझं तर बरं आहे."

ती साडीची घडी घालायला लागली. "आम्हाला एकाच माणसाचं आवतन होतं."

आवतणाचे आमच्याकडे दोन प्रकार. एक चूलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, घरची चूल पेटवायचीच नाही. दुसरं घरटी एका माणसाचं. लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी घरातलं माणूस दारोदार जाऊन तोंडाने सांगतं आणि ते जसं सांगतं तसं लोक काटेकोर पाळतात. एकाचं असेल तर दुसरा माणूस उपाशी बसेल, पण जाणार नाही.

"याआधी छबूबाईच्या घरचं प्रत्येक आवतन आम्हाला चूलबंद आलंय," जयमाला म्हणाली. "वास्तुशांत, बारसं, सगळं. या वेळी एकाचं. मी यांना विचारलं नाही, यांनी मला सांगितलं नाही. आम्हाला दोघांनाही कारण कळलं होतं, असं वाटलं. पाहुणे पुण्याचे, मोठे. त्यांच्यासमोर आमची पंगत नको असेल. असल्या गोष्टींवर आता भांडायचाही कंटाळा येतो, नाना."

महेंद्र पाणी प्यायला आत गेला. मला त्या क्षणी छबूबाईचा फार राग आला. मग घरी येता येता वाटलं, मी तिला चाळीस वर्षं ओळखतो. तिच्या अंगात दोष पुष्कळ आहेत, पण हा नव्हता.

४

घरी आलो आणि सुनेला विचारलं, "संस्कृतीच्या लग्नाचं आपल्याला आवतण कसं होतं?"

"चूलबंद. आपण सगळे नव्हतो का गेलो? तुम्ही मागच्या खुर्चीवर बसून पेंगत होता."

खरं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा कुणीतरी माझ्या हातात अक्षता दिल्या होत्या. उठून पुढे जायचं म्हटलं तर गुडघ्याने संप केला होता. मग मी त्या टाकल्या कुठे?

मी खुंटीवरचा कोट काढला. लग्नाचा कोट. या उन्हाळ्यात तो एकदाच अंगावर चढला होता, कारण बाकीची लग्नं मी गुडघ्याच्या नावावर टाळली. उजव्या खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढून खाटेवर उघडली. खडीसाखरेचा चुरा, रुमालाचे धागे आणि दहा-बारा दाणे ज्वारी. राणी रंगाची.

जयमालाने दिलेला दाणा शेजारी ठेवला. कुठला कोणता हे मला परत सांगता आलं नसतं.

लग्न चौदा मेचं. साड्या आमच्या गावातून गेल्या सहा मेच्या आत. म्हणजे कडूबाईने खोकं बंद केल्यानंतर आठ दिवसांनी त्या मांडवात होत्या. कडूबाई सुटली. पण मांडवात पाचशे माणूस होतं. त्यातल्या पाच बायका कुणाच्या? सून पंगतीच्या कामात होती, तिनेही नवरीकडच्या बायका नीट पाहिल्या नव्हत्या.

मी काठी घेतली आणि भर उन्हात गल्लीत फिरलो. गिरणीवाल्याकडे चूलबंद, सोनाराकडे चूलबंद. कोपऱ्यावरचं घर छबूबाईशी गेली चार वर्षं बोलत नाही, त्यांनासुद्धा चूलबंद. शेवटी कडूबाईच्या दारात पोचलो. ती आणि छबूबाई एकाच भावकीतल्या, चुलत जावा लागतात.

"आवतन?" कडूबाई म्हणाली. "एकाचं. मालक गेले. मला बी नवल वाटलं. घरचं लगीन, अन् जावंला एकाचं आवतन! म्हनलं, कायतरी चुकलं असंल माझं."

मी तिच्या ओट्यावर बसलो. तिने न विचारता पाणी दिलं.

जयमालाला वाटलं होतं की जात आडवी आली. पण मग भावकीतल्याच कडूबाईला एकाचं आवतण का? आणि न बोलणाऱ्या घराला चूलबंद का? सगळ्या गल्लीत दोनच घरांतल्या बायका त्या मांडवापासून लांब ठेवल्या होत्या. एक त्या साड्या विकणारी आणि दुसरी त्यांच्या घड्या घालणारी. गावात ती साडी कुणीच पाहिलेली नव्हती, कारण जयमाला गावात विकत नाही. पदरावरचे मोर पाहून ओळखणाऱ्या बायका दोनच. पुरुष आले तर काही बिघडत नव्हतं. महेंद्रच्या साक्षीवरून ते सिद्धच झालं होतं.

आणि गल्लीभर आवतण सांगत कोण फिरलं होतं, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. माझ्या दारात छबूबाईच आली होती.

५

मी जयमालाला घेऊन गेलो. रंगनाथ माझा शाळेतला सोबती, पण आम्हा दोघांना एकत्र पाहताच तो उठून गोठ्याकडे गेला. छबूबाई गहू निवडत होती.

"या भाऊजी," ती म्हणाली. जयमालाला ती काहीच म्हणाली नाही.

मी खिशातले दाणे तिच्या सुपाच्या काठावर ठेवले. "वहिनी, चार माझ्या कोटातले आहेत आणि चार हिच्या परत आलेल्या साड्यांतले. तुम्ही रंगवलेत. निवडून दाखवा बरं."

तिने दाण्यांकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"लग्नाला लई लोक हुते," ती म्हणाली. "कुनी काय नेसून आलं, मला काय ठावं?"

"ठाऊक नव्हतं तर जयमाला आणि कडूबाई या दोघींनाच एकाचं आवतण का सांगितलंत? दुसऱ्या कुणाला का नाही?"

 गोठ्यात बादली वाजली.

"पाव्हन्यांनी सांगून धाडलं," छबूबाई शेवटी म्हणाली. "करवल्या समद्या एकसारख्या नेसल्या पायजेत, फोटोत चांगलं दिसतं. हौस तेंची. आमी न्हाई कसं म्हनायचं? संस्कृतीनं हिच्या भिंतीवर ती साडी बघितली हुती, हिनं फोटो काढायला लावलेली. तीच पायजे म्हनून बसली. पाच करवल्या, पाच साड्या, परत कोन नेसनार त्या? तवा माझ्या चाकनच्या भाचीनं सांगितलं, मोबाईलवर मागवायच्या, नेसायच्या आन् सातव्या दिशी परत करायच्या. नेसलेल्याच आल्या म्हनलं की गुमान घेत्यात. मोठी कंपनी हाय, तेंचं काय जातंय?"

"कंपनीचं काहीच गेलं नाही," जयमाला म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "माझं गेलं."

"ते मला मागनं कळलं. तवर झालं हुतं."

"काकू, माझ्याकडं का नाही मागितल्या?" जयमाला म्हणाली. "एका दिवसासाठी नेसायला दिल्या असत्या. पाचही दिल्या असत्या."

छबूबाईने पदर तोंडाला लावला. पाणी द्यायची वेळ आली आहे हे मला कळलं, पण मी उठलो नाही.

"आणि ते एकाचं आवतन," जयमाला म्हणाली. "मला काय वाटलं, माहीत आहे तुम्हाला?"

"म्हाईत हुतं," छबूबाई म्हणाली. "सांगतानाच म्हाईत हुतं. म्हनलं, वाटू दे. चोर वाटन्यापरीस ते बरं."

जयमाला उभी राहिली. तिला आधार लागेल असं वाटून मी काठी पुढे केली, पण तिने ती घेतली नाही.

"आज संध्याकाळपर्यंत पाचही जणींनी तक्रार मागे घ्यायची आणि साड्या आम्हीच नेसलो, असं लिहून द्यायचं," ती म्हणाली. "साड्या तुम्हीच ठेवा. त्यांच्याकडे माझ्याने बघवणार नाही."

"घेतील. मी सांगते समद्यांना. पन पोरी, एवढं ऐक. कंपनीला काय सांगायचं ते सांग, गावात नको. गावातनं पाव्हन्यांच्या कानावर जाईल. पंधरा दिस झाल्यात तिला नांदायला जाऊन. माझ्या संस्कृतीला तोंड वर करता येनार न्हाई."

जयमालाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. मला खरंच कळत नव्हतं.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

६

पाचही तक्रारी त्याच संध्याकाळी मागे घेतल्या गेल्या. कंपनीचं उत्तर आलं, 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.' दुकान वाचलं आणि सोमवारी कुणी पोलीस स्टेशनला गेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी जयमाला कडूबाईला घरून घेऊन आली आणि गिरणीपुढे, जिथे बोलली होती तिथेच, सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "कडूबाईंनी काही केलेलं नाही. चूक माझी झाली. मी त्यांची माफी मागते."

"मग केलं कुनी?" गिरणीवाल्याच्या बायकोने विचारलं.

जयमालाने शब्द दिला होता. ती गप्प राहिली. ते गप्प राहणं बायकांनी नीट पाहून घेतलं. जयमाला मोठ्या मनाची आहे, कामाची बाई मिळत नाही म्हणून पदरात घेतलं, असं रात्रीपर्यंत ठरून गेलं. माझी सूनच मला हे सांगत होती. मी तिला रागावलो, पण रागावून तिचं मत काही बदललं नाही.

कडूबाई मंगळवारपासून कामाला यायला लागली. संध्याकाळी जायच्या वेळी ती जयमालाच्या ओट्यावर आली, गिरणीकडे तोंड करून उभी राहिली आणि आपली पिशवी तिथे उलटी केली. जेवणाचा डबा, चष्म्याची केस, तंबाखूची पुडी, किल्ली. मग पदर झटकला, सगळं परत भरलं आणि निघाली.

"कडूबाई, हे काय करता?" जयमाला धावत बाहेर आली. "मी कधी मागितलं का?"

"तुमी न्हाई मागितलं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

बुधवारी तेच, गुरुवारी तेच. जयमालाने हात धरला, रागावली, रडली. कडूबाई भांडली नाही. ठरलेल्या वेळी ती पिशवी उलटी करायची. पहिल्या दिवशी बायका गप्प झाल्या होत्या, शुक्रवारपर्यंत त्यांना त्याची सवय झाली. मी माझ्या ओसरीवरून रोज पाहायचो आणि आत जायचो. खरा चोर मी शोधून काढला होता, पण त्याचा मला काडीचा आनंद नव्हता.

आठव्या दिवशी छबूबाई दळण घेऊन गिरणीवर आली. लग्नानंतर ती त्या बाजूला फिरकली नव्हती, दळण रंगनाथच आणायचा. नेमकी तीच वेळ झाली. कडूबाई ओट्यावर आली आणि तिने पिशवी उलटी केली. त्या दिवशी पिशवीत मूठभर हिरव्या मिरच्या होत्या, त्या घरंगळत खाली रस्त्यावर गेल्या. रांगेतली एक पोरगी फिसकन हसली.

छबूबाईने डोक्यावरचा डबा खाली ठेवला. ती ओट्यापाशी गेली, खाली बसली आणि एकेक मिरची वेचून पिशवीत टाकू लागली. कडूबाई म्हणाली, "आगं, ऱ्हाऊ दे." ती थांबली नाही. सगळ्या मिरच्या वेचून झाल्यावर तिने डबा, चष्मा आणि किल्ली उचलून पिशवीत घातली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बायकांकडे वळली.

"हिनं न्हाई नेसवल्या त्या साड्या," ती म्हणाली. "मी नेसवल्या. माझ्या संस्कृतीच्या लग्नात, आमच्या पाची करवल्यांना. नेसून परत केल्या आन् नाव हिच्यावर आलं. मला ठावं हुतं, तरी मी गप बसले."

गिरणीवाल्याने पट्टा थांबवला.  छबूबाईने दळणाचा डबा उचलला आणि तसाच, न दळता, घरी नेला. जाताना ती माझ्या ओसरीसमोरून गेली, पण मान वर केली नाही आणि मीही हाक मारली नाही.

कडूबाई पिशवी हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग डब्याचं झाकण नीट बसलंय का ते पाहिलं आणि जयमालाला म्हणाली, "उद्या सुरतंचा माल भरायचा हाय ना? सकाळी लवकर येते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जयमालाच्या दारातून बाहेर पडली, पिशवी खांद्याला लावली आणि सरळ घरी गेली.